भिंत कुठे संपते

ओला चिखल करडा असतो, वाळला की पांढरा होतो. सगळ्यात वाईट ती मधली अवस्था. कडा पांढऱ्या झालेल्या, मध्ये एक करडा पट्टा, आणि तो बघत बसलं की अजिबात अरुंद होत नाही. बाबा दर थोड्या वेळाने उठायचे, त्या पट्ट्यावर अंगठा टेकवायचे, अंगठा पँटला पुसायचे आणि स्वयंपाकघरात येऊन शेगडीत आणखी एक लाकूड सारायचे. मग खिडकीशी. मग परत अंगठा.

"बस ना जरा," मी म्हणाले.

"सप्टेंबरपासून बसूनच आहे," ते म्हणाले आणि परत उठले.

चिखल म्हणजे खरा चिखल नव्हे. जिप्समचे बोर्ड भिंतीला ठोकले की दोन बोर्डांमध्ये सांधा राहतो. त्यावर पुट्टीसारखं कंपाउंड लावायचं, त्यात कागदी टेप दाबून बसवायची, वाळू द्यायचं. मग त्याहून रुंद थर, मग आणखी रुंद. प्रत्येक थराच्या कडा अशा निमुळत्या करायच्या की कंपाउंड कुठे संपलं आणि बोर्ड कुठे सुरू झाला हे बोटालाही कळू नये. या कंपाउंडला धंद्यातले सगळे चिखलच म्हणतात. बाबांनी आयुष्यभर हेच केलं. थंडर बे शहरातल्या कितीतरी घरांत त्यांचे सांधे आहेत आणि ते कुणाला दाखवता येत नाहीत, कारण जो दिसतो तो बाबांचा नसतो.

सप्टेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डॉक्टरांच्या मते सौम्य. डाव्या हाताची पकड थोडी गेली, बोलणं शाबूत राहिलं, चालणं हळूहळू परत आलं. जिना मात्र चढवेना, म्हणून खालची खोली त्यांच्यासाठी नीट करायची ठरली. ती आईची खोली. तिचा चिंध्यांच्या सतरंज्यांचा माग आम्ही शेडमध्ये हलवला, भिंतीवरच्या जुन्या फळ्या उपटल्या, आणि शेजारच्या रेइनोने आणि मी मिळून नवे बोर्ड ठोकले. सांध्यांवर टेप मी दाबून द्यायची, पण पुढच्या थरांना कुणी हात लावायचा नाही, हे बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याला कारण होतं. हेल्वी आत्याने नदीकाठच्या वृद्धनिवासात त्यांच्यासाठी एक खोली धरून ठेवली होती. नव्या वर्षात मी उत्तरेकडच्या खाणीवर नोकरीला जाणार, मग या घरात ते एकटे, शेगडी, बर्फ, लाकडं. आत्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि ते ती दर फोनमध्ये सांगायची. शेवटी बाबा तिला म्हणाले, "खोली मी पूर्ण करतो. रविवारी तू ये, दिवा धर. तुझ्या पेन्सिलीला काही सापडलं तर मी सामानाची पेटी भरतो. नाही सापडलं तर पुन्हा त्या जागेचं नाव काढायचं नाही."

पेन्सिलीचं असं की आत्या रंगारी. बाबांनी सांधे केलेल्या घरांत मागून तीच रंग द्यायला जायची. रंगाआधी रंगारी भिंतीला चिकटून दिवा धरतो आणि उजेड आडवा सोडतो, म्हणजे प्रत्येक खोच, प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. दिसलं की पेन्सिलीने गोल करायचा. ते गोल भरायला टेपवाल्याने परत यायचं. बाबा म्हणायचे, हेल्वी तिच्या हाताची सावली बघूनसुद्धा गोल काढते. आत्या म्हणायची, ओलावीच्या, म्हणजे बाबांच्या, घरांत टोक करून करून माझी पेन्सिल संपली.

आता पैज तिच्याच पेन्सिलीवर होती. बाबा इतक्या येरझाऱ्या का घालतात, हे मला कळत होतं.

दुसरा थर वाळला तेव्हा शुक्रवारची दुपार होती. बाबा जेवून खुर्चीतच डुलकी घेत होते. दिवा घेऊन मी एकटीच खोलीत गेले. मी भूगर्भशास्त्र शिकले. आमच्यात हवाई छायाचित्रं सूर्य खाली असताना काढलेली हवी असतात, कारण तेव्हाच जमिनीतल्या भेगा सावल्यांमुळे उठून दिसतात. दिवा भिंतीला लावताना मला तेच आठवत होतं, आणि मी जरा मजेतच होते.

दाराकडून, म्हणजे उजवीकडून, मी सुरुवात केली. काहीच नाही. उजेड भिंतीवरून काचेवरून जावा तसा सरकत गेला. मधला आडवा सांधा कुठे आहे हे मला माहीत असूनही सापडेना. मग खिडकीसमोरून पुढे गेल्यावर उजेडात एक पायरी आली. अगदी मंद. दुसरा थर तिथे संपला होता. पुढे पहिला थर होता, तोही थोड्या अंतराने संपत होता, आणि त्याच्यापुढे डाव्या कोपऱ्यापर्यंत नुसती टेप होती. ती टेप मीच दाबली होती. शेवटचा उभा सांधा तर उघडाच होता, टेपेची कड सुटून वर आलेली.

काम अर्धवट राहिलं असतं तर मला एवढं वाटलं नसतं. अर्धवट सोडलेला थर जाड असतो, त्यावर पात्याची खूण असते. हे तसं नव्हतं. दोन्ही थर निमुळते करत करत शून्यावर आणले होते, भिंतीच्या शेवटी आणतात तसे. नदीच्या गाळाचे थर जसे पात्राच्या कडेला पातळ होत संपतात तसे, एकावर एक, आणि वरचा खालच्याच्या आधी संपणारा. बाबा दमले होते म्हणून थांबले नव्हते. त्यांच्या मते भिंत तिथेच संपत होती.

मी दिवा बंद केला आणि तिथेच उभी राहिले. मग एकेक गोष्ट येऊन बसायला लागली. ताटात डावीकडचे बटाटे तसेच राहायचे आणि बाबा विचारायचे, बटाटे केले नाहीस का. डाव्या खांद्यावर नेहमी एक निळा डाग, आणि त्याचा दोष दारांना. वर्तमानपत्रात हॉकीची बातमी वाचून ते म्हणायचे, हल्ली कुणाला सरळ लिहिता येत नाही. प्रत्येक वेळी मी हसले होते.

हॉस्पिटलमध्ये त्यांना कागदावरच्या छोट्या रेघा खोडायला दिल्या होत्या. त्यांनी सगळ्या खोडल्या. कागद लहान असतो.

घराबाहेर जाऊन मी हॉस्पिटलमधल्या थेरपिस्ट बाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डोळे ठीक असतील, म्हणाल्या, पण मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नसावा, आणि दमल्यावर, मोठ्या कामात, हे जास्त जाणवतं. मंगळवारी घेऊन या. तोवर त्यांना सांगा, आणि शेगडीजवळ एकटं सोडू नका. मी विचारलं, यावर काही करता येतं का. वाचताना पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारतात, त्या म्हणाल्या. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मग वाचायला सुरुवात. सवय होते काहींना.

सांगा, हे त्या सहज म्हणाल्या होत्या. मी घरात आले तेव्हा बाबा जागे होऊन पातं पुसत होते आणि पुटपुटत होते की तिसऱ्या थरात आता काही राहिलं नाही, हेल्वीला रविवारी रिकाम्या हाताने परत पाठवतो. मी कॉफी केली. पुल्ला, आमचा वेलचीचा गोड पाव, कापून त्यांच्या उजवीकडे ठेवला. मग मीच घरभर फिरत राहिले. सांगितलं तर पेटी भरायची वेळ आली. नाही सांगितलं तर रविवारी आत्या सांगेल, दिव्याने, माझ्यासमोर. तिसरा मार्ग मला शुक्रवारच्या रात्री अंथरुणात सुचला आणि सकाळपर्यंत तो चांगलाच वाटायला लागला.

शनिवारी रेइनो त्यांना त्याच्या सौनात, वाफेच्या न्हाणीत, घेऊन गेला. खालच्या बाकावर, थोडाच वेळ, एवढी परवानगी डॉक्टरांनी दिली होती. ते अंगणातून दिसेनासे झाले आणि मी चिखलाची बादली उघडली. डावीकडचा भाग मी भरून काढणार होते. बाबा उरलेल्या भिंतीवर तिसरा थर देतील, आत्याला काही सापडणार नाही, मंगळवारी बाईंना भेटू, पुढचं पुढे. मी भराभर काम करत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं की मी कुणाशी तरी वाद घालते आहे. शेगडी त्यांच्या डाव्या हाताला आहे. शेगडीचं बघू. तू जानेवारीत जाणार आहेस. बघू म्हटलं ना.

मी डावखुरी. लहानपणी बाबांनी मला पातं धरायला शिकवलं तेव्हा म्हणाले होते, तुझं काम आरशात बघितल्यासारखं येतं. त्या वेळी हे मला कौतुक वाटलं होतं.

ते परतले तेव्हा चेहरा लाल, केस ओले. कोट न काढताच खोलीत शिरले. मी म्हणाले, आधी कॉफी घे. त्यांनी ऐकलं नाही. त्यांची एक पद्धत होती: शेवटच्या थराआधी भिंत तळव्याने वाचायची, डोळे मिटून, कारण डोळे खोटं बोलतात असं त्यांचं म्हणणं. दाराकडून त्यांनी सुरुवात केली. उजवा तळवा भिंतीवर सपाट, पावलं हळू. खिडकीसमोरून पुढे गेले. मला वाटलं, आता थांबतील. पण डोळे मिटलेले होते, आणि डोळे मिटल्यावर भिंत संपत नव्हती. हात पुढे जात राहिला आणि ओल्या चिखलात रुतला.

ते थांबले. बोटं वर नेली, खाली नेली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"पात्याची ओढ उलटी आहे, म्हणून विचारलं. केव्हा?"

"आत्ता. तू सौनात होतास तेव्हा."

"माझ्या कामावर?"

हे ते इतक्या हळू म्हणाले की मला उत्तर टाळता आलं नाही. "तुझ्या कामावर नाही, बाबा. तिथे तुझं काम नव्हतंच."

त्यांनी डोळे उघडले आणि समोर बघितलं. मग मी म्हणाले, मान वळव, अजून, अजून थोडी. ते वळवत गेले. कोपरा त्यांना दिसला तो क्षण मला कळला, कारण ते अर्धं पाऊल मागे सरले. खोलीत कुणी आधीपासून उभं असावं आणि आत्ता दिसावं, तसे.

"मला वाटलं भिंत इथंच संपते," ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं: दिवा, बाईंचा फोन, बटाटे. ते ऐकताना तळव्यावरचा चिखल दुसऱ्या हाताने खरवडत होते. माझं संपलं. मग त्यांनी विचारलं, "पोस्टाच्या पेटीला ओरखडा आहे. तो मीच?"

डॉक्टरांनी गाडी चालवायला अजून परवानगी दिली नव्हती, पण रस्त्याच्या वळणापर्यंत, पोस्टाच्या पेटीपर्यंत ते ट्रक काढायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. मी होकारार्थी मान हलवली.

"समोरून येणारी गाडी डावीकडून येते," ते म्हणाले. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यांनी कोटाच्या खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि खुंटीवर टांगलेल्या माझ्या कोटाच्या खिशात टाकली. हे करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मला वाटलं, आता ते आत्याला फोन करतील. त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. त्यात सूत मारायच्या दोन डब्या असतात. आत खडूची भुकटी आणि गुंडाळलेली दोरी. दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. एका डबीत निळा खडू, दुसरीत लाल. लाल छपरासाठी. जिथे रंग द्यायचा तिथे लाल कधीच मारायचा नाही, कारण तो रंगातून वर येतो, कितीही हात द्या. एका नव्या मुलाने एकदा दिवाणखान्यात लाल सूत मारलं होतं आणि हेल्वी आत्या त्याच्याशी त्या कामावर पुन्हा बोललीच नाही.

बाबांनी लाल डबी काढली.

"बाबा, ते लाल आहे."

"आंधळा नाही झालो," ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसले, थोडंसं. "बाईंनी लालच सांगितलंय ना? वरचं टोक धर."

डाव्या कोपऱ्यापासून हातभर अलीकडे मी छताला टोक धरलं, त्यांनी खाली पायाने दाबलं, आणि मी दोरी ओढून सोडली. रेघ उमटली. पांढऱ्या-करड्या भिंतीवर ती ओंगळ दिसत होती. मग त्यांनी रुंद पातं घेतलं आणि रेघ सांभाळत माझं काम सगळं खरवडून बादलीत टाकलं. मला राग आला नाही. चिखल ओलाच होता.

ते परत दारापाशी गेले. एक हात मारायचा, थांबायचं, मान वळवायची, रेघ शोधायची, मग पुढचा हात. दोनदा ते आधीच थांबले आणि पातं निमुळतं करायला लागले. मी म्हणाले, रेघ कुठे आहे. ते चिडून म्हणाले, दिसत नाहीये, आणि मग वळले आणि म्हणाले, हं. तिसऱ्यांदा मला बोलावं लागलं नाही. रेघेपर्यंत पोचल्यावर ते तिच्याही पलीकडे गेले, कोपऱ्यापर्यंत. रेघ मात्र त्यांनी झाकली नाही, दोन्ही बाजूंनी पातं अलगद उचललं. कपाळावर घाम होता. मग सगळंच ओलं झालं आणि आम्ही परत वाट बघायला बसलो. रविवारपर्यंत ते वाळणार नव्हतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

आत्या सकाळी आली. बुटांवरचा बर्फ झटकला, कोट माझ्या हातात दिला, दिवा स्वतःचाच आणला होता. कानामागे पेन्सिल. खोलीच्या दारात ती थांबली.

"ओलावी," ती म्हणाली, "माझ्या भिंतीवर लाल कुणी मारला?"

"मी."

"पडलास का रे कुठे? डोक्यावर?"

बाबांनी स्वतः सांगितलं. सगळं, न थांबता, किल्लीसकट. मला एक शब्द घालावा लागला नाही. शेवटी म्हणाले, "खोली पूर्ण झाली नाही. पैज तू जिंकलीस."

आत्याने दिवा लावला आणि भिंतीला धरला. उजवीकडून सुरू करून ती हळूहळू सरकत गेली. तिच्या हातात पेन्सिल होती. खिडकीसमोर ती थांबली. पायरी होती तिथे आता ओला चिखल होता, नवा जुन्यात मिसळलेला. पुढे रेघेपर्यंत गेली. रेघेपाशी दिवा बराच वेळ धरून राहिली. तिथे दोन-तीन उंचवटे होते, मलाही दिसत होते.

"ओल्यावर पेन्सिल चालत नाही," ती म्हणाली आणि ती परत कानामागे अडकवली.

मग ती स्वयंपाकघरात गेली. शेगडीसमोर बाबांची खुर्ची होती तिथे बसली, उठली, पुन्हा बसली, आणि विचारलं, इथून शेगडी कुठल्या हाताला. डाव्या, मी म्हणाले. तिने खुर्ची उचलून पलीकडे ठेवली, शेगडी उजवीकडे येईल अशी. मग लाल डबी मागितली. स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिनेच दिलेला होता, आई असताना, आणि त्यावर कुणी हात टेकवला तरी ती ओरडायची. आता तिने न्हाणीच्या दाराच्या डाव्या चौकटीवर खडूची बोटं वरून खालपर्यंत ओढली. मग मागच्या दाराच्या. बाबा खुर्चीपाशी उभे राहून बघत होते.

"तिथली खोली महिनाअखेरपर्यंत माझ्या नावावर आहे," ती हात धुताना म्हणाली. "ती मी सोडणार नाही. मंगळवारी मीही येते, बाईंना मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. पेटी आत्ता भरू नकोस."

मंगळवारी बाईंनी त्यांना मोठ्या फळ्यावर रेघा खोडायला लावल्या. डावीकडच्या बऱ्याच राहिल्या. मग फळ्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून पुन्हा, थोड्या राहिल्या. एकटं राहणं शक्य आहे, त्या म्हणाल्या, रोज कुणी येऊन जाणार असेल तर, ट्रक नाही, आणि दर महिन्याला इथे. रेइनो रोज सकाळी येईन म्हणाला. तसाही तो कॉफीला यायचाच. संध्याकाळचं आत्याने स्वतःकडे घेतलं आणि परतताना गाडीतूनच वृद्धनिवासात फोन केला. मागच्या सीटवर बाबा खिडकीबाहेर बघत होते, उजवीकडच्या. मग मुद्दाम वळून डावीकडच्या.

भिंत वाळली तेव्हा आत्याने परत दिवा धरला आणि रेघेजवळ तीन गोल काढले. बाबांनी ते कुरकुरत भरले. मग ती रंग द्यायला बसली. लाल वर येऊ नये म्हणून डाग अडवणारा एक प्रायमर असतो, त्याचा डबा तिच्या गाडीत कायम असतो. मी विचारलं, आणू का. ती ब्रश बादलीच्या काठावर निथळत होती.

"गाडीत काही नाहीये," ती म्हणाली.

पहिला हात वाळल्यावर रेघ गुलाबी होऊन वर आली. दुसऱ्या हातानंतर फिकट झाली, पण होती. बाबा दारात उभे राहून भिंत बघत होते. नजर दारापासून निघाली, खिडकीसमोर आली, तिथे अडखळली, आणि मग मान सावकाश पुढे वळली.

"दिसली?" आत्याने विचारलं.

"दिसली," ते म्हणाले. "घाणेरडं काम केलंयस. पेन्सिल दे इकडे."